कुणाची सकाळ

आमच्या प्रयोगशाळेतल्या पेटीत माश्यांची सकाळ संध्याकाळी सहाला होते. तेव्हा पेटीतला दिवा लागतो आणि पहाटे सहाला विझतो. पिकल्या फळांवर बसणाऱ्या, चिलटाएवढ्या माश्या. पण डोक्यातलं घड्याळ नेमाचं. त्या घड्याळाचं एक जनुक त्यांची रात्र पडली की जोरात कामाला लागतं आणि सकाळी गप्प होतं.

भिंगरीच्या माश्यांत ते उलटं निघालं. भिंगरी म्हणजे आमची संशोधक मुलगी. पाच वर्षांत एका जागी बसली नाही, म्हणून हे नाव. ‘सकाळ’ लिहिलेल्या नळीत जनुक धडाधड चालू, ‘संध्याकाळ’च्या नळीत थंड.

“मावशी, घड्याळच उलटं फिरलंय यांचं. आता पदवी कोण अडवतं ते बघते.”

“नळ्या तूच भरल्यास ना?”

“भरल्या मी. चिठ्ठ्या तुमच्या. मोत्यासारखं अक्षर.”

मी बाटल्या विसळत होते. हात पाण्यातच राहिले. इथं आम्ही माश्यांच्या वेळेनंच बोलतो, बावीस वर्षांची सवय. पण नळ्या भरल्या त्या दिवशी सकाळी आठला तिनं नळी हातात दिली, मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि ‘सकाळ’ लिहून मोकळी झाले; रात्री आठच्या नळीवर तसंच ‘संध्याकाळ’. सकाळी आठला माश्यांची रात्र पडून दोन तास झाले होते.

आतल्या खोलीत सर ही बातमी चार ठिकाणी कळवायला बसले होते. चारला पत्र जाणार होतं. चाराला सात मिनिटं कमी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत पोरीची पाच वर्षं होती.

“भिंगरी, ती सकाळ आपली होती.”

“आपली म्हणजे?”

“माणसांची.”

ती हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. “नक्की? की उगाच धसका घेतलात?”

“नक्की. चष्मासुद्धा होता डोळ्यांवर.”

“म्हणजे माझ्या माश्या चारचौघींसारख्याच.”

“हो गं.”

“तासाभरानं सांगितलं असतंत तर?”

“पत्र गेल्यावर माझ्या तोंडून निघालंच नसतं.”

ती सरांच्या दारापर्यंत पहिल्यांदाच सावकाश चालत गेली. मी ओल्या हातांनी मागोमाग.

“सर, पाठवू नका,” ती म्हणाली. “चिठ्ठ्या चुकल्यात.”

सरांनी मान वर केली. “कुणी लावल्या?”

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मीच पुढे झाले.