राक्षसानं हात कपाळाला लावला

मी पुगिता. आठ हातांचा समुद्री राक्षस. त्यातले सहा हात फोमचे. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला टीव्हीवरच्या मालिकेत मी मनिला बुडवायला निघतो आणि काजव्याची शक्ती असलेली कॅप्टन अलितापताप मला हाणते. फोमच्या आत मी बेन्होर, बिकोलच्या किनाऱ्यावरचा. चार वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, आईला न विचारता त्यांची होडी विकून नट व्हायला आलो. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. माझी पत्रं जातात. उत्तर येत नाही.

दृश्य.

पुगिता कॅप्टनच्या आजीला पळवतो. आजीच्या भूमिकेत लोला कोन्सिंग, वय अठ्ठ्याहत्तर. मला अडवायला त्यांनी हात पुढे केला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात; तो समोर आला की आपले हात आपोआप चालतात. मी वाकलो, त्यांचा हात घेतला, कपाळाला लावला. मग पळवलं.

"बेन्होर, तू राक्षस आहेस की भाचा?" दिग्दर्शक म्हणाला.

"सवयीनं झालं, दिरेक."

"मीही आशीर्वाद देऊन बसले," लोला म्हणाल्या. "गुणी आहे हो. उचलतो पण किती अलगद."

स्टुडिओ दुसऱ्या मालिकेला द्यायची वेळ झाली होती. पुन्हा घेता आलं नाही, तसंच दाखवलं.

मग पोतंभर पत्रं.

लिपा गावच्या एक शिक्षिका: राक्षसाला वळण आहे, नायिकेला नाही. ती आजीशी कमरेवर हात ठेवून बोलते.

मालाबोनचा रिक्षावाला: एवढा सभ्य प्राणी शहर कशाला बुडवेल? लेखकानं डोकं तपासून घ्यावं.

नाव नाही: कॅप्टनला बांधलेली दोरी दिसते. तरी ती उडते असंच आम्ही धरून चालतो. काळजी नसावी.

सेबूची एक बाई: माझ्या खिडकीबाहेर उभी राहून बावीस माणसं बघतात. पुगिताला मारलंत तर दगड माझ्या घरावर पडतील.

दिग्दर्शकानं सगळी वाचली. "यांना तू आवडायला लागलास. आता तुला घाबरणार कोण? पुढच्या शुक्रवारी मर."

त्या आठवड्याच्या भागाच्या शेवटी तसं जाहीरही केलं.

आणि मंगळवारी हे पत्र.

'पुगितास. माझा हात कापतो म्हणून शेजारची तोयांग लिहितेय. तिच्याच खिडकीतून आम्ही बघतो. मालिका फालतू आहे. (माझं मत असं नाही. तोयांग.) नायिकेचे पंख पत्र्याचे दिसतात. राक्षस वाकताना डावा गुडघा आधी बाजूला काढतो. माझा मुलगा अकराव्या वर्षी माडावरून पडला, तेव्हापासून असाच वाकतो. मी सगळ्यांना म्हटलं, हा माझा. कुणाला पटलं नाही. (मला पटलं.) त्या बाईंचा हात घेतलास, बरं केलंस. शुक्रवारी तुला मारणार म्हणतात. मला ते एकटीला बघवायचं नाही.'

खाली सही नव्हती.

बुधवारी चित्रीकरण झालं, मी मेलो. पहिल्याच झटक्यात. दिग्दर्शक म्हणाला, "एवढं छान कधी केलं नव्हतंस." मी तोवर फोम सोलत होतो. गुरुवारी गावाची बस धरली.

शुक्रवार, सहाला पाच कमी. तोयांगच्या खिडकीबाहेर अर्धा गाव. बाकावर टोकाला आई. वाळली आहे. तिनं मला पाहिलं, थोडी सरकली. मी बसलो.

कॅप्टन उडाली. दोरी दिसली.

"आज जिवंत ठेवत नाही बघ ती याला," मागून कुणीतरी.

"हळू. आई बसलीय त्याची."

"कुणाची आई?"

"राक्षसाची रे."

हसले सगळे. मग त्यांना मी दिसलो.

पडद्यावर माझ्या छातीत उजेड घुसला. सहा फोमचे हात एकेक करून गळाले. आईनं माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. नजर पडद्यावरच.

"आई, मी इथे आहे."

"गप्प बस. बघू दे मला."

पुगिता पाण्याखाली गेला. नावं वर सरकू लागली; माझं तिसऱ्या ओळीत, झरकन गेलं. लोक उठले. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. तोयांग टीव्ही बंद करायला वळली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "वर येतो का, बघू."

"अगं, संपलं ते. हा काय तुझ्या शेजारी."

"तू राहू दे."

तोयांगनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. साबणाची जाहिरात लागली, मग बातम्या. आई बघत राहिली. मनगट तिनं सोडलं नव्हतं, आणि मीही ते काढून घेतलं नाही.