जुनं जमा, मगच नवं

पप्पांनी गाडीची किल्ली स्वतःच्या हातानं माझ्याकडे दिली.

हे वाक्य खोडलंय असं समजा. असं काही घडलेलं नाही. पप्पांना विचारा, तेही हेच सांगतील. घडलं ते एवढंच, की आमची गाडी शीळ घालायला लागली.

आमची गाडी चारित्र्यवान आहे. पप्पांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, आमच्या खानदानातली पहिली. दर रविवारी ते मम्मीला विश्रांतवाडीहून मंडईत नेतात, कारण मम्मीच्या मते आमच्याकडची मेथी रडवेली असते. अशा गाडीनं सिग्नलला उभं राहून शीळ घालावी, तीही शेजारी स्कूटरवर मुली असताना, हे पप्पांना पटलं नाही.

साईनाथचं गॅरेज धानोरी रस्त्याला आहे. त्यानं बॉनेट उघडून कान लावला.

“काका, हवा चोरतंय.”

“कोण?”

“इंजिन. हवा आत जाती ना, तिथलं पॅकिंग गेलंय. बदलायला लागंल.”

पॅकिंग म्हणजे चार भोकांची काळी रबरी पट्टी. इंजिन आणि हवेचा पाइप यांच्यामध्ये दाबून बसते आणि आयुष्यभर कोणाच्या नजरेस पडत नाही. आमच्या घरातल्या मंडळींसारखीच.

आता पप्पांबद्दल. ते सरकारी भांडारात स्टोअरकीपर होते. तिथला नियम एकच: जुनं जमा, मगच नवं. झाडू जमा, मग झाडू. एका साहेबांची खुर्ची मोडली, तेव्हा मोडके चारही पाय जमा होईपर्यंत पप्पांनी नवी दिली नाही. एक पाय सापडलाच नाही. साहेब बदली होऊन गेले, उभेच. घरीही तोच नियम. जुना टूथब्रश दाखवल्याशिवाय मला नवा मिळत नाही. मी नोकरीला आहे.

“जुनं आधी माझ्या हातात,” पप्पा म्हणाले. “तपासतो, मग नवं बसव.”

“जुनं बघून काय करायचं काका? एकदा दाबलं गेलं की परत फुगत नाय ते. परत वापरायचं नसतंय.”

“ते मी ठरवीन.”

पप्पांनी जुनं पॅकिंग पेट्रोलनं धुतलं, रुमालानं पुसलं, नव्यासारखं चमकवलं. मग नवंही पाकिटातून काढलं आणि दोन्ही पेपरवर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ निरखली. “याला चीर आहे,” असं म्हणून एक पिशवीत टाकलं, दुसरं साईनाथच्या हातात दिलं. साईनाथ फोनवर मेव्हण्याशी गुंठ्यांवरून भांडत होता. हातात आलं ते त्यानं बसवलं. मी ऑफिसच्या कॉलवर “हो, बरोबर” म्हणत होतो. म्हणजे घटनास्थळी तिघं होतो आणि साक्षीदार एकही नव्हता.

गाडी घरी आली, शीळ घालत.

“नवं आहे, रुळेल,” पप्पा म्हणाले.

पिशवीतलं पॅकिंग त्यांनी शोकेसमध्ये, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात मांडलं. येईल त्याला दाखवायचे. “बघा, केवढी चीर!” शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, “चष्मा आणते हं,” आणि गेल्या त्या गेल्याच.

मम्मीनं मात्र विचारलं. “अहो, कुठाय चीर?”

“अगं, ही काय!”

मम्मीनं पप्पांच्या बोटाकडे बघितलं, मग रबराकडे, मग माझ्याकडे. मी पॅकिंग हातात घेतलं. मऊ, गुबगुबीत, दाबलं की परत वर येणारं. चीर काय, ओरखडा नव्हता.

स्वयंपाकघरात मम्मी हळूच म्हणाली, “प्रज्ञेश, मागच्या रविवारी डावीकडून हातगाडी आली. मी किंचाळले तेव्हा ह्यांनी ब्रेक दाबला. मला वाटलं, माझं ऐकत नाहीत. नेहमीचंच.”

आमच्या घरात न ऐकणं आणि न दिसणं यांतला फरक कोणी तपासलेलाच नव्हता.

शोकेसमधलं पॅकिंग घेऊन आम्ही परत गॅरेजला गेलो. साईनाथनं परत सगळं खोललं. आतून निघालं ते जुनं. त्याची चीर माझं नख आत जाईल एवढी.

“आयला, हे तर जुनंच हाय! काका, तुम्हीच दिलंत हातात.”

“मी? मी तपासून दिलंय! तू बदललंस!”

“मी कशाला बदलू? जुनं घालून मला काय मिळणारे, शीळ?”

पप्पांनी दोन्ही पॅकिंग घेतली. आधी डोळ्यांजवळ नेली. मग नुसता अंगठा फिरवायला लागले, सावकाश. चिरेपाशी अंगठा थांबला. मागे गेला, परत आला, परत तिथंच थांबला.

“उजेड कमी आहे तुझ्याकडे,” ते म्हणाले.

दुपार होती. गॅरेजला छप्परसुद्धा नाही.

साईनाथनं हातदिवा लावला आणि पप्पांच्या हातांवर धरला. भर उन्हात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची नस खराब झाली. बाजूची नजर बरीच गेली, उरलेलीही मळकट झाली.

“गेलेली परत येत नाही. उरलेली थेंब घालून टिकवायची. गाडी बंद.”

“नस बदलता येत नाही?” पप्पांनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे जुनीच परत वापरायची?”

“तसं म्हणा.”

“साईनाथ तर म्हणाला, परत वापरायचं नसतं.”

“हे साईनाथ कुठे असतात प्रॅक्टिसला?”

“धानोरी रस्त्याला,” मी म्हणालो.

पार्किंगमध्ये पप्पा सवयीनं उजव्या दाराशी गेले. हँडलवर हात ठेवून उभे राहिले. कायम पुढे बसणारी मम्मी आधीच मागे जाऊन बसली होती. त्यानंतर, सुरुवातीला सांगितलं ते घडलं नाही. गाडी मी चालवली. शीळ आता येत नव्हती. आली असती तर बरं झालं असतं, कोणीतरी काही बोलल्यासारखं वाटलं असतं.

घरी आल्यावर पप्पांनी मला कागद घ्यायला लावला.

“लिही. प्रति, माननीय भांडार अधिकारी.”

“पप्पा, कुठलं भांडार?”

“लिही म्हटलं ना.”

मी लिहिलं ते असं:

“विषय: दृष्टी बदलून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार आपल्या दोन्ही डोळ्यांच्या जुन्या नसा स्वच्छ पुसून जमा करण्यास तयार आहे. तरी नियमानुसार नव्या नसा देण्यात याव्यात, आणि त्या उपलब्ध होईपर्यंत अर्जदारास दर रविवारी मंडईपर्यंत, पत्नी डावी बाजू पाहण्यास हजर असताना, वाहन चालविण्याची तात्पुरती परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.”