मोठ्या उवा कुठून येतात

"काढ, पण चिरडू नको. नखावर नख ठेवलंस तर माझ्याशी बोलू नको."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा माझ्या हातावरची मेंदीही उतरली नव्हती. नणंदेचं डोकं मांडीवर होतं आणि माझ्या अंगठ्याच्या नखावर एक गुबगुबीत ऊ. आम्ही जैन. चालता-फिरता जीव जाणूनबुजून मारायचा नाही, हा नियम मला माहेरीही होता. तो उवेलाही लागू आहे, हे मात्र सासरी कळलं. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी यंदा विधीची वेणी घालताना तिच्या मानेवर काहीतरी चालताना दिसलं आणि माझा उचललेला हात तसाच थांबला.

विधी माझी नात, सातवीतली. खो-खोत तिला पकडणं म्हणजे साबणाची ओली वडी धरणं. शाळेच्या संघात नाव लागलं त्या दिवशी ती दप्तरासकट स्वयंपाकघरात घुसली आणि मला दोन्ही दंडांना धरून गरागरा फिरवलं. विभागाचे सामने धुळ्याला होणार होते, मुक्कामासकट. त्याला आता पंधरवडा उरला होता, आणि मानेवर ही.

"दादी, कुणाला सांगू नकोस!" तिने आरशात बघत तोंडावर हात ठेवला. "सुनंदा मॅडम जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची डोकी तपासणार आहेत. आम्ही एकाच हॉलमध्ये झोपणार ना. जिच्या डोक्यात ऊ, ती चाळीसगावातच राहणार. मॅडम म्हणाल्या, मग ती कर्णधार असली तरी."

कुणाला सांगू नको म्हणेपर्यंत सून दारात उभी होती. प्रियल माझ्यासारखी नाही. ती बोलते तेव्हा शेजारच्यांनाही ऐकू जातं. तिने विधीचं डोकं उजेडाकडे वळवलं, बघितलं आणि चपला घालून थेट मेडिकलमध्ये गेली. परत आली ती बाटली घेऊनच.

"रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. विषय संपला."

"प्रियल, ते जीव मारायचं औषध आहे."

"मम्मीजी, म्हणूनच तर आणलंय!"

भांडी घासायला येणाऱ्या रुक्माबाई मोरीतून ओरडल्या, "बाटली कसाले जोयजे? सीताफयन्या बिया वाटीसन लावा, बठ्ठ्या उवा मरी जातीन!"

"आणि सीताफळाच्या बिया डोळ्यात गेल्या तर?" मी म्हणाले. "त्या बियांनी डोळे जातात, रुक्माबाई."

रुक्माबाई हसल्या. "मंग उवास्ले हात जोडा, म्हणा, बाई निघी जा."

सगळ्या हसल्या. विधी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले होते. मी तिच्यासमोर खाली बसले. "मी हात जोडणार नाही. मी विंचरणार आहे. ओले केस, बारीक फणी, दर तीन-चार दिवसांनी. तपासणीच्या दिवशी तुझं डोकं साफ असेल."

"नक्की, दादी?"

"नक्की."

प्रियलने बाटली फ्रिजवर ठेवली. "सामन्याआधीच्या बुधवारपर्यंत. बुधवारी एक जरी दिसली, तर मी ही उघडणार. माझ्या मुलीचं धुळं मी उवांपायी घालवणार नाही."

तिचं चूक नव्हतं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन गच्चीवर आलं तशी मी विधीला पाटावर बसवलं. केस भिजवून कंडिशनर असा चोपडला की फणी लोण्यातून गेल्यासारखी जावी. त्या बुळबुळीतपणात उवांना पळता येत नाही, नुसत्या सुन्न होऊन पडतात. एकेक बट घ्यायची, फणीचे दात मुळाशी टेकवायचे, शेंड्यापर्यंत ओढायचं आणि फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. पहिल्याच ओढीला तीन आल्या.

"बाद!" विधी किंचाळली. "दादी, तीन बाद!"

मग तिला चेवच चढला. मी फणी पुसली की ती फडक्यावर वाकायची. "ही बाद! ही पण! अय्या, ही तर केवढी, हिला खांबावरच पकडलं!" लिखा मात्र केसाला चिकटून बसतात, त्या मी चिमटीत धरून शेंड्याकडे ओढून काढत होते. माझी पाठ भरून आली होती, पण खरं सांगते, मला बऱ्याच वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

निघालेल्या उवा मी विंचरलेल्या केसांच्या गुंतवळात ठेवल्या आणि गुंतवळ एका वाटीत घालून मागच्या भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवला. डोकं सोडून ऊ फार जगत नाही, हे मला माहीत आहे. पण तिचं आयुष्य संपलं तर ते तिचं संपू दे, माझ्या नखाने नको. प्रियलने ते जिन्यातून पाहिलं. "उवांचं वसतिगृह काढलंय का, मम्मीजी? जेवणाचं काय?"

"आम्हाला सुट्टी," आमचे हे, लालचंदजी, आपल्या टकलावरून हात फिरवत म्हणाले. "इथे पीकच नाही, कीड कुठून येणार?"

तीन दिवसांनी पुन्हा बसलो तेव्हा फडक्यावर नुसती बारीक, जिऱ्याच्या कणीएवढी पिल्लं आली. राहिलेल्या लिखांतून निघालेली असणार. त्यापुढच्या वेळी त्याहून कमी. प्रियल फ्रिजजवळ गेली की बाटलीकडे बघायची आणि दूध काढायची. मी मनात नवकार मंत्र म्हणत होते आणि विधी अंगणात वीट मांडून खांबाचा सराव करत होती.

मग आला मंगळवार. तपासणीच्या आठवड्यातला.

फणीचा पहिला हात ओढला आणि फडक्यावर दोन उवा. काळ्या, भरलेल्या, मोठ्या.

विधीने 'बाद' म्हटलं नाही. फडक्याकडे बघत राहिली. "दादी, आता आई..."

"थांब." माझं डोकं चालायला लागलं होतं. तीन दिवसांपूर्वी पिल्लं होती. एवढ्यात त्यांची एवढी वाढ कशी होईल? या विधीच्या डोक्यात वाढलेल्याच नव्हत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून आल्या होत्या!

त्या दुपारी मी सगळ्या घराला पाटावर बसवलं. प्रियल कुरकुरत बसली, तिचं डोकं साफ. पारस, माझा मुलगा, दुकानातून जेवायला आला तर त्यालाही धरला. साफ. आपल्यावर आळ नको म्हणून रुक्माबाईंनी आपणहून अंबाडा सोडून दाखवला, "देखी ल्या, नहीतं मनावर नाव यी." साफ. शाळेतून येत असतील? पण सुट्ट्या चालू होत्या आणि सरावाला मुली केस घट्ट बांधून, रुमाल गुंडाळून येत होत्या. उद्या बुधवार. विधी रात्री जेवली नाही.

पहाटे मी सामायिकात बसले. हा माझा रोजचा नेम: दोन घटका आसनावर, मन शांत ठेवून, काही झालं तरी उठायचं नाही. आणि त्या स्थिरतेत, पदराखाली, मानेच्या वर, कानामागे, नेहमीची खाज सुरू झाली.

नेहमीची.

कित्येक दिवस ती येत होती. सामायिकात खाज आली तर हात उचलायचा नाही, सोसायची, असं मी स्वतःला घालून घेतलं होतं. मी ती सोसत होते. एवढंच नाही, मनातल्या मनात स्वतःवर खूश होत होते. आज पण हलले नाही! केवढी ही समता! आणि रोज रात्री विधी माझ्याच उशीवर, माझ्या डोक्याला डोकं लावून गोष्ट ऐकत झोपत होती.

मी साऱ्या घराची डोकी बघितली, पण माझं डोकं कुणी बघितलं नाही. बघणार कोण? पदर डोक्यावरून ढळू न देता मी या घरात केस पिकवले.

तेव्हाच उठून पळावंसं वाटलं. पण सामायिक सुटायला बराच अवकाश होता. आयुष्यातलं सगळ्यात लांब सामायिक ते. मी बसले होते, माझ्या डोक्यावर ती चालत होती, आणि मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही दाबून मी 'णमो अरिहंताणं' म्हणत होते.

सामायिक सुटताच मी स्वयंपाकघरात गेले. "प्रियल, माझं डोकं बघ."

तिच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. "मी? मम्मीजी, मी कसं..."

"पोळी करपतेय. गॅस बंद कर आणि बघ."

तिने पदर असा मागे केला जसा देवघराचा पडदा सारतात. केस बाजूला केले. एकेक बट उचलून पाहिली. मग ती हळूच म्हणाली, "मम्मीजी, इथे तर राखीव खेळाडूंसकट अख्खा संघ उतरलाय."

मला हसू फुटलं. तीही हसायला लागली, भिंतीला टेकून, डोळे पुसत. विधी धावत आली, "काय झालं? काय झालं?" आणि कळल्यावर तिने अशी आरोळी ठोकली की लालचंदजी अर्धी दाढी करून बाहेर आले. "सापडलं! आई, सापडलं! त्या मोठ्या उवा दादीच्या होत्या!"

त्या सकाळी पारसने स्वतः चहा केला. गच्चीवर प्रियलने मला पाटावर बसवून विंचरलं. मी शरमेने मान वर करत नव्हते. "मान सरळ," ती म्हणाली, "कानामागे राहतात." उश्या आणि चादरी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकल्या, त्यांवरच्या उवा आपोआप संपेपर्यंत कुणी डोकं टेकू नये म्हणून. विधीचं अंथरूण आईच्या खोलीत गेलं. संध्याकाळी उजेड असताना प्रियलने विधीचं डोकं बटेबटेने विंचरलं, माझ्याहून कडक हाताने. फडकं शेवटपर्यंत पांढरं राहिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग फ्रिजवरची बाटली उचलून पारसच्या हातात दिली. "बघ, मेडिकलवाला परत घेतो का."

शुक्रवारी सरावानंतर शाळेत तपासणी झाली. विधी शाळेतून घरी आली ती पायरीवर पाय न ठेवताच. "पास!"

शनिवारी स्टेशनवर धुळ्याची गाडी लागली. मुली खिडक्यांशी ढकलाढकल करत होत्या. विधीने खिडकीतून माझा हात धरला. "दादी, परत आल्यावर मी तुझ्याजवळच झोपणार. आईसमोर बसायला तू लाजतेस, मला माहितीय. मी नाही म्हणून टाळायचं नाही. उद्याच तुझी विंचरून घ्यायची पाळी आहे."

"बसेन."

"मी नसताना?"

"तू नसताना." गाडी हलली.

रविवारी दुपारी मोबाईल वाजला तेव्हा आधी नुसता गोंगाट ऐकू आला, शिट्ट्या, टाळ्या, मग विधीचा फाटलेला आवाज, "दादी! मी शेवटपर्यंत बाद झाले नाही! आम्ही फायनलला!" प्रियल पलंगावर चढली, पारसने दुकानातल्या नोकराला पेढे आणायला पिटाळलं, लालचंदजी "हॅलो, हॅलो" करत मोबाईल उलटा धरून बसले. सुनंदा मॅडमनी सामन्याचं चित्रण पाठवलं आणि सगळे त्यावर वाकले. विधी त्यात दोन वेण्या उडवत खांबाला गरकन वळत होती. मीही बघितलं, दोनदा.

मग प्रियल पापड वाळले का ते बघायला गच्चीवर गेली. बाकीचे अजून मोबाईलभोवतीच होते. मी उठले. अर्धी बादली पाणी घेतलं, त्यात फणी सोडली आणि धुतलेलं फडकं खांद्यावर टाकलं. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून डोक्यावरचा पदर स्वतःच्या हाताने खाली घेतला, आणि वर चढायला लागले.