तीन सह्या, चाळीस सेकंद

मास्तर काही खरा मास्तर नव्हता. कोणी चुकलं की त्याला फळ्यापाशी उभं करून समजावायची खोड, म्हणून ऑफिसात पडलेलं नाव. सहा वर्षांपूर्वी त्याने चार मित्रांना घेऊन कर्जाची एक व्यवस्था उभी केली, आणि ती अशी की तिला ना बँक, ना मॅनेजर. कोणी आपली डिजिटल नाणी ठेवायची, कोणी तारण देऊन उचल घ्यायची, मधलं सगळं कोड बघणार. ‘इथे मालक कोणीच नाही’ हे वाक्य वेबसाइटवर ठळक अक्षरांत होतं, आणि मास्तरच्या तोंडी दिवसातून दहादा. अभिमान होता त्याला. का नसावा?

मग नवा कायदा येणार असं जाहीर झालं. असल्या व्यवस्थेवर ज्याचा ताबा, त्याने नाव नोंदवायचं आणि जबाब द्यायचा. एकाचा ताबा नाही म्हणता? मग तसं दाखवून द्या. मुदत चार महिने, नाहीतर गाशा गुंडाळा. हजारो माणसं विश्वासाने आत आलेली, आणि सहा वर्षांची मेहनत एका अर्जावर टांगलेली. वकिलाची फी ऐकून तर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझ्या आईला विचार की,” बायको म्हणाली. “चौतीस वर्षं बँकांच्या तपासण्या केल्यात तिने.”

सासूला ऑफिसात बोलवायचं! मित्रांनी आठवडाभर हसून घेतलं. सासूबाई सोमवारी बरोबर नऊला हजर झाल्या. वही, पेन्सिल आणि पट्टी, बस.

“जावईबापू, मला त्या कोडातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच सांगा, उद्या आत काही जळायला लागलं तर हे बंद कोण करतं?”

“पाच किल्ल्या आहेत, आई. अंगठ्याएवढी यंत्रं असतात. पाच जणांच्या पाच, आणि तिघांनी सही केल्याशिवाय इथलं पानही हलत नाही.”

“बरं. त्या किल्ल्या आजवर जेव्हा जेव्हा वापरल्या, त्याची नोंद छापून द्या.”

नोंद उघडीच होती, जगातल्या कोणालाही दिसेल अशी. मास्तरने साठ पानं छापून दिली. म्हातारी दोन दिवस पट्टी सरकवत ओळ न् ओळ वाचत बसली, आणि मास्तरला मनातून तिची दयाच आली. काय मिळणार बिचारीला त्या रुक्ष आकड्यांत?

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “उद्या अकराला कवायत. चाचणीची प्रत असते ना तुमची? ती सगळ्यांसमोर बंद करून दाखवा.”

अकराला सगळे टेबलाभोवती जमले. मास्तरने कपाट उघडलं, तीन यंत्रं काढून ओळीने मांडली. सवयीने पहिल्यावर सही केली, दुसऱ्यावर केली, आणि तिसऱ्यावर बोट टेकवताना त्याचा हात थांबला.

एक किल्ली त्याची स्वतःची. दुसरी परगावी नोकरीला गेलेल्या मित्राची. तिसरी दोनदा किल्ली हरवून बसलेल्या धांदरटाची. “तुझ्याकडेच राहू दे बाबा,” म्हणून देऊन मोकळा झालेला. गेली दोन वर्षं मास्तर एकटाच तिघांच्या सह्या करत होता. एका नाण्यालाही त्याने हात लावला नव्हता, हे देवाशपथ खरं. पण मालक नाही म्हणून जगाला सांगणारा हा माणूसच मालक होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं! लाजेने त्याचे कान तापले.

पहिला बोलला पोपट, चौघा मित्रांतला एक. सतत बोलतो म्हणून पोपट. एरवी माणूस सोन्यासारखा. “झाकली मूठ सव्वा लाखाची. संध्याकाळपर्यंत किल्ल्या ज्याच्या त्याला देऊ आणि अर्जात पाच जणांकडे पाच असं लिहू. खोटं कुठे आहे त्यात?”

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.

“माझ्याकडे काय बघता? सही तुमची आहे.”

“आई, तुम्हाला आधीच माहीत होतं?” मास्तरने विचारलं.

त्यांनी कागद पुढे सरकवले. जागोजागी वेळांखाली रेघा. “तीन सह्या, आणि गेली दोन वर्षं दर वेळी चाळीस सेकंदांच्या आत. अहो, तीन ठिकाणच्या तीन माणसांना चहा घेणार का विचारलं तरी याहून वेळ लागतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोलले असते तर तुम्ही मला पटवून दिलं असतं. हुशार आहात. तुमच्या हातालाच कळलं, ते बरं झालं.”

काय बाई होती! कोडातलं एक अक्षर न कळता तिने दोन वर्षांचं दुखणं दोन दिवसांत पकडलं, आणि वर जावयाची अब्रूही राखली.

त्या दुपारी मास्तरने सगळ्या सभासदांना पत्र लिहिलं. दोन वर्षं ताबा माझ्या एकट्याकडे होता, मी तो वापरून काही घेतलं नाही, या नोंदी तपासा, पटलं नाही तर आपली नाणी काढून घ्या. तीन दिवसांत पाव हिस्सा माणसं निघून गेली. “हात दाखवून अवलक्षण,” पोपट पुटपुटला. शिव्यांची पत्रं आली. मास्तरला जेवण जाईना. चौथ्या दिवशी गळती थांबली.

मास्तरच्या कपाटातल्या त्या दोन परक्या किल्ल्या सभासदांनी मतं देऊन बाहेरच्या माणसांना दिल्या, त्यातली एक एका नर्सबाईंना. एक सासूबाईंनी घ्यावी असं मास्तरचं फार मनात होतं. “तपासणाऱ्याने किल्ली घ्यायची नसते,” त्यांनी एका वाक्यात विषय संपवला.

मुदतीला आठ दिवस असताना मास्तरने व्याजाचं सूत्र बदलायला काढलं. त्याची सही झाली, पोपटाची झाली. नर्सबाईंचा फोन आला, “मला समजलं नाही. समजल्याशिवाय सही नाही.” मास्तरने तासभर समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे आधीच कर्ज घेतलेल्यांचं व्याज वाढणार, असंच ना? मग नाही.” उरलेल्या दोघांनीही बाईंचीच री ओढली.

मास्तर घरी आला तो फणफणत. “माझंच पोर, आणि मलाच हात लावू देत नाहीत!”

सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “जावईबापू, अहो, हा नकार अर्जाला जोडा.”

नोंदणी कार्यालयातल्या अधिकारी बाई जांभई आवरत पानं उलटत होत्या. त्या एका पानावर थांबल्या. मागणी: संस्थापकाची. सह्या: दोन. निकाल: नामंजूर.

“हे खरंच थांबलं?”

“थांबलं, मॅडम.”

“तुम्ही उभं केलंत ना हे सगळं? मग काहीच केलं नाहीत?”

“करताच आलं नाही,” मास्तर आनंदाने म्हणाला.

बाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं आणि शिक्का जवळ ओढला.