कडी लावली त्या दिवशी

“दार उघडा होता तवर तुमी आलाव नाय. मी पयल्यांदा कडी घातली, त्याच दिवशी फोडलाव! चोर हाव तुमी. दरवडेखोर!”

ताजबी काळ्या काचेच्या केबिनकडे बोट करून ओरडत होती. आत कोण बसलंय ते तिला दिसत नव्हतं. शारजाकडच्या खोर फक्कान बंदरातल्या त्या पाच मजली बिल्डिंगमध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्याला नुसतं ‘ऑफिस’ म्हणत. ऑफिसने सांगितलंय. ऑफिसने पाणी बंद केलं. ऑफिसला आवडत नाही. ऑफिसला तोंड नव्हतं, पण हात होते, आणि परवा त्यातला एक हात ताजबीने मोडला होता.

“काकी, हळू,” टेबलामागून नीलेश म्हणाला. तिशीचा पोरगा, गळ्यात ऑफिसचं कार्ड. “इथे असं ओरडलं तर त्याची वेगळी केस होते.”

“होऊ दे. एक आहे, तिला बहीण होईल.”

टेबलावरचा फोन वाजला. केबिनमधून विचारणा होती. नीलेश अदबीने म्हणाला, “नथिंग सर. शी इज लिटल इमोशनल.”

ताजबीच्या शेजारी उझमा बसली होती, तिच्या दिराची मुलगी. जन्म शारजाचा, शाळा शारजाची. आज सुट्टी काढून चाचीला घेऊन आली होती. ती खाली मान घालून पुटपुटली, “चाची, प्लीज. काम डाउन.”

नीलेशने खुर्ची पुढे ओढली. “मी आपल्याकडचा, चिपळूणचा. म्हणून घरचं समजून सांगतो. मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ करायचाय. तुम्ही एवढंच बोला, की दार उघडं होतं, ऑफिसची माणसं विचारून आत आली आणि काकांचा गैरसमज होऊन हात उठला. आम्ही राजीखुशीने घर सोडतो. बस. आमचा केअरटेकर अजीज आजच तक्रार मागे घेईल. संध्याकाळी काका कोठडीतून घरी.”

“कुठच्या घरी?” ताजबीने विचारलं.

नीलेशने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने ती तशीच परत सरकवली.

तिचा नवरा बदरुद्दीन खोर फक्कानच्या बंदरात लॅशिंग करायचा. जहाजावर कंटेनर चढले की ते लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे, उतरवायचे तेव्हा सोडायचे. उन्हाळ्यात ती सळी हाताला चिकटते आणि सुटताना कातडं घेऊन जाते. अर्धं आयुष्य त्याने असं काढलं. झोपायला कंपनीच्या खोलीतली तीन मजली खाट, खाली एक माणूस, वर एक माणूस, मध्ये पडद्याला बांधलेली ओली लुंगी. फोरमन झाला तेव्हा कुठे बायकोचा व्हिसा निघण्याइतका पगार झाला. मग भाड्याच्या घरासाठी वणवण. कुणी नाव ऐकून नाही म्हणायचा, कुणी मासे खाता का विचारायचा, कुणी म्हणायचा, बायको आधी आण, मग घर दाखवतो. अखेर चौथ्या मजल्यावरचा हा फ्लॅट मिळाला. एक खोली, स्वयंपाकघर आणि खिडकीतून बंदराच्या क्रेन. त्याने पहिला फोन ताजबीला केला. “ये गो. आता दार आपला आहे.”

ताजबी आली ती वरवंटा घेऊन. मुंबईच्या विमानतळावर शिपायाने विचारलं, ये क्या है. ती म्हणाली, मसाला. इथे बाजारात नारळ पाच दिरहमला बघून भर दुकानात किंचाळली, “सव्वाशे रुपये? झाड देतोस का काय सोबत?” दुकानदार हसला, बदरुद्दीन त्याहून जास्त हसला. तिच्या या ओरडण्यापायी, भांडण्यापायीच तर एवढ्या सळ्या ओढल्या होत्या.

पहिल्याच दिवशी कचरा टाकायला ती बाहेर आली आणि दार मागे आपोआप बंद झालं. गॅसवर भात, किल्ली आत. ती जिन्यावर बसून रडली. दार माणसाला न विचारता बंद होतं ही गोष्ट तिला पटेचना. गावाला दिवसाउजेडी दार लागलेलं दिसलं की शेजारी धावत येतात, काय झालं, कोण गेलं म्हणून. बदरुद्दीनने मग त्या कुलपाची जीभ चिकटपट्टीने दाबून टाकली आणि बंदरातल्या वेल्डरकडून गावाकडच्यासारखी लोखंडी कडी करवून आतून ठोकली. रात्रीपुरती. दिवसभर दार सताड उघडं आणि पायाशी वरवंटा, वाऱ्याने आपटू नये म्हणून.

चूक झाली ती इथेच. शुक्रवारी नमाजनंतर गावची पोरं जेवायला यायची. बंदरात, वर्कशॉपात, कुठेकुठे राबणारी, महिनोन्‌महिने घरचं न खाल्लेली. उघड्या दाराबाहेर चपला काढायची आणि तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण खाऊन जायची. केअरटेकर अजीज त्या चपला बघायचा.

“अम्मा, ये फॅमिली बिल्डिंग है. बॅचलर नहीं चलेगा.”

“ये बॅचलर नहीं. ये हमारे गाव के बच्चे है.”

“दरवाजा बंद करो. बदबू आता है.”

“तू नाक बंद कर.”

अजीजने कळवलं, चौथ्या मजल्यावर खाटा भाड्याने देतायत. ऑफिसने खातरी केली नाही. ऑफिसला त्या घराला जास्त भाडं देणारा हवाच होता. आधी निरोप आला, घर खाली करा. बदरुद्दीन म्हणाला, कराराची मुदत आहे, कोर्टाचा कागद दाखवा. मग पाणी गेलं. मग वीज गेली. ऑगस्टमध्ये! भिंती तव्यासारख्या तापल्या. ताजबी खालच्या मशिदीतून बादल्या भरून आणायची आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ऑफिसच्या सात पिढ्यांची आठवण काढायची.

परवा बदरुद्दीन रात्रपाळी करून आला तो तापानेच. अंगावर ओला पंचा टाकून खोलीत आडवा झाला. “आज दार लाव गो,” तो म्हणाला. “जरा डोळा लागू दे.” ताजबीने वरवंटा आत घेतला आणि दिवसाची पहिल्यांदा कडी घातली. तिला ते बरं वाटलं नाही. पण नवऱ्याला झोप लागली.

हाक नाही, बेल नाही. पहिल्या दणक्याला भिंतीवरचं घड्याळ पडलं. दुसऱ्याला दाराची चौकट तडकली. तिसऱ्याला पहार फटीत घुसली आणि कडी कोयंड्यासकट लाकूड घेऊन उपटली गेली. अजीज आणि त्याच्या मागे दोघं. ताजबी स्वयंपाकघरातून ओरडली, “माझा माणूस निजलाय! बुखार है!” एकाने तिला बाजूला ढकललं, ती ओट्यावर आदळली. कालवणाचं पातेलं जमिनीवर गेलं. दुसऱ्याने गादीचं टोक धरलं आणि बदरुद्दीनसकट ती फरफटत दाराकडे ओढली.

तापातला माणूस उठून बसायच्या आत अजीजची लाथ त्याच्या तोंडावर बसली. मग बरगड्यांवर. मग परत तोंडावर. बदरुद्दीनच्या हातात अजून इतकी ताकद होती की अजीजला त्याने एका हाताने उचलून जिन्यात फेकलं असतं. पण त्याने हात वर केले ते नुसते डोकं झाकायला. इथे हात उचलला की व्हिसा गेला, नोकरी गेली, खलास, हे त्याच्या अंगात लोखंडासारखं मुरलेलं. तो मार खात राहिला. “भाई, जाता है, हम जाता है,” म्हणत राहिला. त्याचा एक दात मासळीच्या रश्शात पडलेला ताजबीने पाहिला.

तिने वरवंटा उचलला.

पहिला घाव अजीजच्या मनगटावर बसला. खेकड्याची नांगी फोडताना येतो तसा आवाज आला. तो वळला तेव्हा दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला, किंचाळला, आणि तिसरा त्याच्या डोक्यात बसला असता. तिला तो घालायचाच होता. तिचा हात वर गेलेला बदरुद्दीनने मागून धरला. उरलेले दोघं जिन्यावरून पळाले.

पोलीस आले तेव्हा वरवंटा बदरुद्दीनच्या हातात होता. त्याने तो तिच्या मुठीतून एकेक बोट सोडवून काढून घेतला होता, कंटेनर सोडवावा तसा. फुटक्या तोंडाने म्हणाला, “मैंने मारा साब.” ताजबीने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्या एका नजरेपायी ती दोन रात्री उझमाच्या घरी अन्नाला शिवली नव्हती.

“चाची,” उझमा आता कानाशी म्हणाली, “चाचाचा फोन आलेला कोठडीतून. ते बोलले, जे सांगतील ते बोल. जस्ट से इट. मग घरी जाऊ.”

नीलेशने कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “शिवाय हे बघा. जिन्यातला कॅमेरा.”

स्क्रीनवर ताजबीचं दार होतं. उघडं. पायाशी वरवंटा. आत ती भाजी निवडत बसलेली. दुसऱ्या दिवसाचं चित्र, तेच. तिसऱ्या दिवसाचं, चपलांचा ढीग. आपलं घर असं चोरून बघितलेलं पाहून तिला आपल्यालाच कुणी उघडं केल्यासारखं वाटलं.

“रोज उघडं,” नीलेश म्हणाला. “कोर्टात हेच दिसणार. बंद नसलेलं दार फोडलं म्हणून कोण मानणार?”

“परवाचा दाखव.”

“परवा कॅमेरा बंद होता. लाईट नव्हती ना.”

“लाईट तुमी माझ्या घराची तोडलाव. कॅमेरा तुमचा जिन्यात.”

नीलेशची नजर स्क्रीनवरून तिच्यावर आली आणि तिथून कीबोर्डवर. त्याचे कान लाल झाले. फोन परत वाजला. त्याने ऐकलं, “यस सर, राइट नाऊ सर,” म्हणाला आणि स्वतःचा मोबाईल स्टँडवर उभा केला. लाल ठिपका लागला.

“बोला काकी. दार उघडं होतं, इथून सुरुवात करा.”

ताजबीने ओढणी नीट केली. पिशवीत हात घालून एक गुंडाळलेलं फडकं काढलं आणि मोबाईलपुढे टेबलावर सोडलं. आत कडी होती. वाकलेली, चारही स्क्रू जागच्या जागी, आणि स्क्रूंना धरून राहिलेला दाराचा वीतभर तुकडा.

“माझा नाव ताजबी. अजीजला मी मारलाय. ह्या हातान. वरवंट्यान. माझ्या नवऱ्यान बोट लावला नाय, त्यान नुसता मार खाल्ला. त्याला सोडा, मला धरा. आनी ही माझ्या दाराची कडी. आतून घातलेली होती.”

“काकी, काय करताय!” नीलेश उठला. त्याचा हात मोबाईलकडे गेला.

“डोन्ट टच इट,” उझमा म्हणाली. तिने मोबाईल उचलून छातीशी धरला, कॅमेरा चाचीवरच ठेवून.

फोन वाजायला लागला. नीलेशने उचलला, घसा साफ केला. “सर, शी इज सेइंग... देअर इज सम मिसअंडरस्टँडिंग...”

“नो!” उझमा केबिनच्या काचेपाशी गेली आणि एकेक शब्द सुटा करून, आधी इंग्रजीत आणि मग शाळेत शिकलेल्या अरबीत, काचेला तोंड लावून सांगितला. चाचीने मारलं. दार बंद होतं. तुमच्या माणसांनी फोडलं. चाची तुम्हाला चोर म्हणाली, मघाशी, तेही या माणसाने सांगितलं नाही.

नीलेशच्या कानाचा फोन पलीकडून ठेवला गेला. काचेमागे खुर्चीची सावली हलली आणि स्थिर झाली. दार उघडलं नाही.

ताजबी उठली. कडी घेऊन केबिनपाशी गेली आणि तिने ती काचेवर वाजवली. तिच्या दारावर कुणी वाजवली नव्हती, तशी. एकदा. थांबली. परत एकदा.

“मी काय केला ते मी सांगितला,” ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. “आता तुमी बोला. माझा दार कोनाच्या सांगण्यावरून फोडलाव? बोला. मी हितंच उभी हाय.”