बर्फातला फोटो

“मोटार रिकामी फिरी राह्यनी,” हे रजईतूनच म्हणाले.

मी साडीवर दोन स्वेटर चढवून, भाड्याचे गमबूट घालून दाराशी उभी होते. खाली उतारावरचा फोटोवाला साडेदहापर्यंतच थांबणार होता.

“फिरू द्या. हॉटेल त्यांचं, मोटार त्यांची.”

“पानी चढी नही राह्यनं. आवाज ऐक ना.”

मला कसला आवाज कळणार? मी एरंडोलला चौथीचा वर्ग शिकवते. आमचे हे, लीलाधर, पंपाच्या मोटारी विकायचे, दुरुस्त करायचे आणि तालुक्यातल्या निम्म्या विहिरी आवाजावरून ओळखायचे. त्या साली सगळ्यांत जास्त मोटारी खपवल्या म्हणून कंपनीनं आम्हा दोघांना मनालीच्या वरच्या एवढ्याशा गावात चार दिवस धाडलं होतं. खोलीत गालिचा, हीटर, पायाशी गरम पाण्याची पिशवी. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या हातचा आयता चहा पीत होते.

मला मात्र एकच हवं होतं. दोघांचा एक फोटो. लग्नातलं रीळ धुताना खराब झालं. पुढे यात्रेत, भाचीच्या लग्नात, फोटोवाला ‘हसा’ म्हणेपर्यंत कुणीतरी सायकलवर यायचं, “भाऊ, मोटार जळी गयी,” आणि हे चालले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय! इथेही पहिले दोन दिवस बर्फ पडत राहिला. आज ऊन होतं, आणि उद्या पहाटेची बस.

हे उठले आणि जिना उतरले. मीही मागोमाग गेले. खाली मॅनेजर पाहुण्यांची बोलणी खात उभा होता. यांनी सरळ विचारलं, “भाईसाब, गोबर मिलेगा क्या? ताजा होना.”

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला मी काय सांगणार? आमच्याकडे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळायला लागला की वरून शेणकाला ओततात. फट बुजते, पंप पाणी धरतो. यांना वाटलं, साऱ्या जगात असंच करतात.

“अहो, त्यांचा मिस्त्री येईल.”

“तो संध्याकायले येई. तोपावत बठ्ठा लोक पानीबिगर बठतीन?”

“आणि मी बावीस वर्षं बसलेय, त्याचं काय?” मी सगळ्यांदेखत म्हटलं.

यांनी मान खाली घातली. गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. “येस ना मी. फोटोवालाले थांबाड.”

फोटोवाला भला माणूस, थांबला. साडेदहा झाले, अकरा झाले, साडेअकराही झाले. बाकीची जोडपी घसरगाडीवरून ओरडत खाली जात होती. मला राग एवढा आला होता की थंडी वाजत नव्हती. शेवटी तो म्हणाला, “माताजी, अकेले ही खिंचवा लो.” यांचा मफलर गळ्यात घालून मी एकटीच उभी राहिले.

खोलीवर आले तर नळाला गरम पाणी होतं. हॉटेलचा पांढरा टॉवेल घडीसकट बाजूला ठेवून हे आपल्या पायजम्याला हात पुसत होते.

“व्हयना का फोटो?”

“झाला.”

त्यानंतर एरंडोल येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

फोटो महिन्याभरानं टपालानं आला. मी तोंड फुगवून बर्फात. मागे हॉटेल, आणि हॉटेलच्या छपरावर पाण्याच्या टाकीत वाकून बघणारा एक काळा ठिपका. मी तो फोटो बैठकीत लावला.

सहा वर्षांनी हे गेले. दहाव्याला माझा दीर पितांबर हार घेऊन आला. घरभर शोधूनही यांचा दुसरा फोटो सापडेना. मी भिंतीवरचा काढून त्याच्यापुढे धरला.

“हाऊ ते तुम्हना शे, वैनी. जित्ता मानूसना फोटोले हार कसा घालवा?”

मी टाकीजवळ बोट ठेवलं. “हे काय, इथे आहेत. कामात आहेत.”

हार पितांबरच्या हातातच राहिला.