माझ्यात नसलेली चार प्रकरणं

मित्रांनो, मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. मी छापली गेले त्या काळी आकाशात विमान दिसलं, तर माणसं हातातलं काम टाकून अंगणात धावत येत. तशा दिवसांत माझ्या लेखकानं विश्वंभर नावाच्या एका माणसाला लोखंडी यानात बसवलं आणि थेट शुक्राकडे धाडलं. शुक्रावर दाट जंगलं आहेत, गोड्या पाण्याची तळी आहेत, असं त्यानं बेधडक लिहून टाकलं. ते सगळं चुकीचं निघालं, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. तरीही माझी पानं हातांनी झिजली आहेत. ती का झिजली, ते सांगते.

माझा विश्वंभर शुक्रावर पोचतच नाही. अर्ध्या वाटेत यान बिघडतं आणि सूर्याभोवती नुसतं फिरत राहतं. आत वीतभर खिडकी, एक दिवा आणि दाराला कडी. बाहेर श्वास घ्यायला हवा नाही. कडी काढली की खेळ संपला.

निजामाच्या राज्यातल्या पोलीस अ‍ॅक्शनला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. कालिंदी नावाच्या बाईनं मला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं, कागदात बांधलं आणि टपालानं हर्सूलच्या तुरुंगात पाठवलं. तिचा थोरला भाऊ मधुसूदन तिथं होता. कचेरीत कारकून असताना त्यानं एका खोट्या दस्तावर सही केली होती, त्याची ही शिक्षा. माझ्यासोबत चिठ्ठी नव्हती. मधुसूदननं दोनदा माझी पानं झटकून पाहिली.

त्याच बराकीत देवगाव रंगारीचा पुंजाराम होता. बांधावरून भांडण झालं, रागाच्या भरात त्याच्या हातून चुलतभाऊ गेला, आणि त्याला जन्मठेप झाली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. रविवारी दुपारी लिंबाखाली मधुसूदन मला वाचत बसे. पुंजाराम आधी लांबून ऐकायचा. मग जवळ सरकला.

"मास्तर, त्या गड्याला खिडकीतून काय काय दिसतं?" त्यानं एकदा विचारलं. मधुसूदन तिथं कैद्यांना अक्षरं शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

"चांदण्या. दुसरं काही नाही."

"आपल्यापरीस बरं हाय की मंग. आपल्याला भिंतच दिसती."

असे पुष्कळ रविवार गेले. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि त्याच आठवड्यात पुंजारामला गावाकडून कार्ड आलं. ते वाचून दाखवायचं कामही मधुसूदनकडेच आलं. पुंजारामची बायको आवडाबाई तापानं गेली होती. तिला जाऊन दहा दिवस होऊन गेले होते.

पुंजाराम रडला नाही. त्यानं भाकरीला हात लावणं सोडलं. कुणाशी बोलेना, कुणी हाक मारली तर वळून बघेना. रविवारी मात्र तो सवयीनं लिंबाखाली येऊन बसला. मधुसूदननं मला उघडलं.

मित्रांनो, माझ्या शेवटच्या प्रकरणात विश्वंभर दाराची कडी काढतो. लेखकानं ते फार सुंदर लिहिलं आहे. मधुसूदनची नजर त्या ओळींवरून फिरली आणि थांबली. त्यानं पुंजारामच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं. मग माझ्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्यात नसलेलं काहीतरी वाचायला लागला.

त्यानं वाचलं, की विश्वंभरला कोटाच्या शिवणीत ज्वारीचे सात दाणे सापडले. त्यानं ते एका डब्यात, ओल्या चिंधीवर पेरले. एवढं वाचून त्यानं मला मिटलं.

"उगवले का?" पुंजारामनं विचारलं. आठवड्यातला त्याचा तो पहिला शब्द.

"पुढच्या रविवारी कळेल. पण तू जेवला नाहीस, तर मी वाचणार नाही."

त्या संध्याकाळी पुंजारामनं अर्धी भाकरी खाल्ली. चार रविवार हे असंच चाललं. मधुसूदन माझ्याकडे बघत होता, पण शब्द त्याचे होते. मी कागदाची, मला तोंड नाही. नाहीतर मीही विचारलं असतं, पुढं काय झालं म्हणून.

पुढं पुंजारामही मधुसूदनकडे अक्षरं शिकला. दोन वर्षांनी एका दुपारी त्यानं मला हातात घेतलं आणि शेवटचं प्रकरण बोटानं लावत लावत वाचलं. मग उठून मधुसूदनसमोर जाऊन उभा राहिला.

"मास्तर, ह्यो तर कडी काढतो. मरतो."

मधुसूदननं मान खाली घातली. "हो."

"मंग ती चार प्रकरणं?"

"माझी होती. खोटं वाचलं मी. मला क्षमा कर."

पुंजाराम त्याच्या शेजारी बसला. "क्षमा कशाची, मास्तर? त्या दिसांत म्या बी कडीला हात घातलाच व्हता."

पुढं एका वर्षी माणूस चंद्रावर उतरला. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या रेडिओवर बातमी आली. कुणीतरी म्हणालं, आता त्या जुन्या पुस्तकात काय राहिलं? पुंजाराम म्हणाला, "चंद्रावर गेलेले परत येतेन. आपला गडी अजून तिथंच हाय."

मधुसूदनची शिक्षा संपली. तो मला घेऊन बाहेर आला आणि बहिणीच्या घरी राहिला. पुढं ते बिऱ्हाड त्याच शहरात पुंडलिकनगरात आलं. घरात तुरुंगाचा विषय कुणी काढायचा नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. मी त्या दिवसांची साक्षीदार, म्हणून त्यानं मला पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. वीस-बावीस वर्षं मी अंधारात होते. मधुसूदन वारला, ते मला बाहेरच्या रडण्यावरून कळलं.

पेटी उघडली ती कालिंदीच्या मुलानं, केशवनं. त्यानं मला पाहिलं आणि आनंदानं ओरडलाच. मराठीतल्या सुरुवातीच्या विज्ञान कादंबऱ्यांपैकी मी एक, आणि माझ्या फार थोड्या प्रती उरल्यात म्हणे. लोक मला बघायला आले, फोटो काढून गेले. केशवनं मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि काचेच्या कपाटात उभं केलं. माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं. आणि तेव्हापासून मला एकाही माणसानं वाचलेलं नाही.

एका सकाळी दारात पांढऱ्या फेट्याचा म्हातारा आला. पुंजाराम! मास्तर गेल्याचं त्याला फार उशिरा कळलं होतं. त्यानं कपाटाकडे बोट केलं.

"काका, हात नका लावू, पानं तुटतात," केशव म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. मला तोंडपाठ हाय." आणि तो खाली बसून सांगायला लागला. ज्वारीचे सात दाणे, डबा, चिंधी.

"हे पुस्तकात नाही, काका."

"ठाव हाय मला. मास्तरची परकरणं हायेत ही."

कालिंदी आतून येऊन खांबाला टेकली. पुंजाराम चौथ्या प्रकरणाशी पोचला. तिथं विश्वंभर यानाच्या भिंतीवर खिळ्यानं धाकट्या बहिणीला पत्र कोरतो. पुंजारामनं ते मास्तरच्याच शुद्ध बोलीत म्हटलं, "तू आली नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. एवढ्या लांब कुणाला येता येतं?"

कालिंदी खांब सोडून त्याच्यासमोर येऊन बसली. "हर्सूल तेव्हाच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर होतं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील म्हणून मी एकदाही गेले नाही. आणि तो परत आल्यावर विचारायचं धाडसही झालं नाही." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा म्हणा हो ते. सावकाश म्हणा."

पुंजाराम तीन दिवस राहिला. केशवनं ती चारही प्रकरणं वहीत उतरवून घेतली. ती वही घरात सगळ्यांच्या हाती फिरते, तिच्यावर चहाचे डाग पडलेत. मी कपाटातून बघत असते.

मित्रांनो, जुनी पुस्तकं वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण वाचणाऱ्यापासून जपू नका. कधी पुंडलिकनगरात आलात, तर केशवला एवढं सांगा, की मला बाहेर काढ. एखादं पान तुटलं तर तुटू दे.